रक्तातल्या गुणसूत्रांवरून किरणोत्सर्गाची मात्रा काढताना या चुका टाळा

एखाद्या तंत्रज्ञाचा डोसबॅज, म्हणजे किरणांची मात्रा नोंदवणारा बिल्ला, तपासणीत भलताच मोठा आकडा दाखवतो. तो शपथेवर सांगतो की, मी किरणांच्या वाटेत गेलोच नाही. मग त्याच्या दंडातून दहा मिलिलिटर रक्त काढलं जातं आणि दोन-तीन दिवसांनी कुणीतरी मायक्रोस्कोपला डोळा लावून त्याची गुणसूत्रं मोजायला बसतं. बॅज कोटाबरोबर एक्स-रे खोलीत लटकत राहिला होता, की माणूस खरोखरच किरणांत सापडला होता? उत्तर त्या मोजणीतून मिळू शकतं आणि बरेचदा ते दिलासा देणारं असतं. पण मोजणी चुकली तर दोन्हीकडून घात. ज्याला काही झालेलं नाही तो वर्षानुवर्षं भीतीत जगतो, किंवा ज्याच्या अस्थिमज्जेला लवकरच उपचार लागणार आहेत त्याला घरी पाठवलं जातं.

हे काम मी बरीच वर्षं केलं आणि शिकवलंही. चुका फक्त नवख्यांच्या हातून होतात असं मला कधी दिसलं नाही. रक्त काढण्यापासून अहवालावर सही होईपर्यंतच्या वाटेत त्या विखुरलेल्या असतात, आणि यातल्या बऱ्याच चुका शेवटच्या आकड्याकडे पाहून ओळखूच येत नाहीत.

तुटण्यापेक्षा चुकीचं जुळणं महत्त्वाचं

पहिली चूक डोक्यात होते, हातून नाही. 'किरणोत्सर्गाने गुणसूत्रं तुटतात' एवढंच धरून चाललं की पुढची सगळी मोजणी कळेनाशी होते. एक ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा मिळालेल्या पेशीत डीएनएचा एकच धागा तुटण्याच्या साधारण हजार घटना घडतात आणि दोन्ही धागे एका ठिकाणी तुटण्याच्या तीस-चाळीस. एक धागा तुटला तर समोरचा शाबूत धागा पाहून पेशी तो नीट सांधते. दोन्ही तुटले की मोकळी टोकं उरतात. केयू नावाची प्रथिनं त्या टोकांना चिकटतात, पुढची विकरं येऊन टोकाला टोक जोडतात. बहुतेक वेळा जुनं टोक जुन्याच टोकाला मिळतं. पण जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांच्या शेजारी दोन गुणसूत्रं तुटली असतील, तर टोकांची अदलाबदल होऊ शकते.

ही अदलाबदल दोन प्रकारे होते. गुणसूत्रबिंदू (विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती आवळलेली जागा) असलेले दोन भाग एकमेकांना जोडले गेले, तर एकाच गुणसूत्रावर दोन बिंदू येतात, हे डायसेंट्रिक. उरलेली दोन टोकं जुळून बिंदू नसलेला एक तुकडा बनतो, तो असेंट्रिक. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नव्या गुणसूत्राला एकेकच बिंदू मिळतो. ते स्थानांतरण, म्हणजे ट्रान्सलोकेशन. दोन्हींची शक्यता जवळपास सारखी असते. साध्या रंगात मात्र डायसेंट्रिक उठून दिसतं, तर ट्रान्सलोकेशन बहुधा नजरेतून सुटतं. एकाच गुणसूत्राच्या दोन्ही भुजा तुटून आपसांत जोडल्या गेल्या की वलय तयार होतं.

डायसेंट्रिक बनायला दोन तुटी लागतात, हे विसरू नका. दोन्ही तुटी एकाच किरणाच्या मार्गावर घडल्या तर त्यांचं प्रमाण मात्रेच्या सरळ पटीत वाढतं. दोन वेगळ्या किरणांनी घडवल्या तर मात्रेच्या वर्गाच्या पटीत. म्हणून सूत्र असं: पेशीमागे डायसेंट्रिक = पार्श्वभूमी + अल्फा × मात्रा + बीटा × मात्रेचा वर्ग. पार्श्वभूमी म्हणजे किरण न लागताही आढळणारं प्रमाण; अल्फा आणि बीटा हे इथे गुणक आहेत, किरणांची नावं नव्हेत. या सूत्राने काढलेल्या वक्रालाच पुढे मी आलेख म्हटलंय. पुढच्या निम्म्या चुका या एका ओळीचा अर्थ न कळल्यामुळे होतात.

कुठल्या पेशी आणि कुठली नळी

रक्तातल्या सगळ्याच पेशी साक्ष देऊ शकत नाहीत. परिपक्व लाल पेशींना केंद्रकच नाही, प्लेटलेटनाही नाही. न्यूट्रोफिलना केंद्रक आहे, पण त्या पुन्हा विभाजित होत नाहीत, आणि विभाजनाशिवाय गुणसूत्रं आखडून दिसत नाहीत. राहिल्या लिम्फोसाइट. त्या शरीरभर फिरतात, रक्तात बहुतेक सगळ्या विश्रांतीच्या अवस्थेत असतात आणि पीएचए हे घेवड्यातून मिळणारं प्रथिन दिलं की प्रयोगशाळेतही विभाजनाला तयार होतात. १९६० मध्ये पीटर नॉवेल यांनी पीएचएचा हा गुण दाखवला नसता, तर ही तपासणी आज या रूपात नसती. माणसाची गुणसूत्रं ४६ हे टिजो आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये पक्कं केलं होतं. त्यानंतर सहाच वर्षांनी, एप्रिल १९६२ मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्ड इथे अनियंत्रित विखंडनाचा अपघात झाला, आणि तिथल्या कामगारांच्या रक्तातून बेंडर आणि गूच यांनी गुणसूत्रांची मोजणी केली.

नळीतली चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात वारंवार होणारी. रक्त लिथियम हेपारिनच्या नळीत हवं. नेहमीच्या रक्तगणनेची ईडीटीए नळी चालत नाही, कारण ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं आणि पीएचएला पेशी जागवायला कॅल्शियम लागतं. अशा नळीतलं रक्त वाढवून पाहिलं की दोन दिवसांनी स्लाइडवर विश्रांतीतली केंद्रकंच केंद्रकं दिसतात, मेटाफेज (गुणसूत्रं आखडून वेगवेगळी दिसतात त्या अवस्थेतल्या पेशी) शोधून सापडत नाहीत. मग शंका पीएचएवर येते, इनक्युबेटरवर येते. आधी नळीचं झाकण पाहा.

प्रवासात रक्त खोलीच्या तापमानाला, साधारण १८ ते २४ अंशांना ठेवायचं. बर्फ नको, कोरडा बर्फ तर अजिबात नको. एकदा माझ्याकडे नमुना आला तो बर्फाच्या पिशव्यांना चिकटूनच. पाठवणाऱ्याने काळजीपोटी केलं होतं, पण पेशी मेलेल्या होत्या आणि त्या माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. डब्यावर 'एक्स-रे करू नये' असं ठळक लिहा आणि आत एक छोटा डोसमापक ठेवा. वाटेत सामान तपासणीच्या यंत्रातून नमुना गेला का, हा प्रश्न कुणीतरी पुढे विचारतंच. त्यावर डोसमापकाचा आकडा दाखवता आला पाहिजे.

रक्त केव्हा काढायचं? शरीराच्या एखाद्याच भागावर किरण पडले असतील तर तिथल्या आणि बाकीच्या लिम्फोसाइट एकमेकींत मिसळायला वेळ लागतो, म्हणून एक दिवस थांबणं योग्य. पण मात्रा मोठी असल्याचा संशय असेल तर थांबण्यात धोका आहे. चार ग्रेच्या पुढे लिम्फोसाइटची संख्या इतक्या वेगाने घसरते की काही दिवसांनी कल्चर करण्याइतक्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवण्याइतक्या, पेशीच उरत नाहीत. अशा वेळी रक्त लगेच घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब

सुरुवातीच्या काळात कल्चर तीन दिवस चालवायची पद्धत होती. गुणसूत्रं छान मिळायची, पण त्यातल्या कितीतरी पेशी दुसऱ्या विभाजनात पोचलेल्या असायच्या. डायसेंट्रिकचे दोन बिंदू विभाजनात विरुद्ध ध्रुवांकडे ओढले गेले तर मध्ये पूल तयार होतो. तो तुटतो किंवा पेशी मरते. दुसऱ्या विभाजनापर्यंत अंदाजे निम्मे डायसेंट्रिक नाहीसे होतात. म्हणजे कल्चर लांबलं की मोजलेली मात्रा खाली येते, आणि आकडा पाहून कुणालाही हे कळत नाही. म्हणून प्रमाण वेळ ४८ तास, ३७ अंशांवर.

वेळ पाळूनही काही रक्तांत दुसऱ्या विभाजनातल्या पेशी येतातच. त्यांना ओळखायला कल्चरमध्ये ब्रोमोडीऑक्सियुरिडिन घालतात. मग दुसऱ्या विभाजनातल्या गुणसूत्रांचा एक अर्धा भाग गडद आणि एक फिका दिसतो. अशा पेशी सोडून द्यायच्या. ही पायरी वेळखाऊ आहे म्हणून वगळणाऱ्या प्रयोगशाळा मला माहीत आहेत. निदान काही स्लाइडवर तरी ती करून दुसऱ्या विभाजनाचं प्रमाण किती आहे ते तपासा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

उलट अडचण मोठ्या मात्रेत येते. किरण खाल्लेल्या पेशींना विभाजनाला उशीर होतो, त्यामुळे ४८ तासांना स्लाइड रिकामी वाटते. इथे घाईने कल्चर ७२ तासांवर नेणं ही ठरलेली चूक. तसं केल्यावर मागे पडलेल्या जखमी पेशींबरोबर पुढे निघून गेलेल्या निरोगी पेशींचं दुसरं विभाजनही मोजणीत घुसतं. वेळ वाढवायचाच असेल तर कोल्सेमिड (विभाजन मध्येच थांबवणारं रसायन) लवकर, साधारण २४व्या तासाला घाला. ज्या पेशी पहिल्या विभाजनात येतील त्या तिथेच अडकतील. याची किंमत एवढीच की गुणसूत्रं थोडी आखूड होतात.

स्लाइड बिघडली तर

पेशींचा गोळा सुटत नसेल, गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली असतील, तर बहुधा पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात (०.०७५ मोलर) पेशी पुरेशा फुगल्या नाहीत. दोन-चार मिनिटं वाढवा आणि द्रावण ३७ अंशांवर आहे का ते पाहा. उलट पेशी फुटून गुणसूत्रं मैदानभर पसरली असतील तर वेळ जास्त झाला. ही दुसरी अवस्था जास्त धोक्याची, कारण स्लाइड सुंदर दिसते, पण शेजारच्या पेशीतलं गुणसूत्र इकडे आलंय की नाही हे कळत नाही. गुणसूत्रं आखूड, जाड, ठोकळ्यासारखी दिसत असतील तर कोल्सेमिडची मात्रा किंवा वेळ जास्त आहे. त्यांच्यात बिंदूची खाच दिसत नाही आणि डायसेंट्रिक सुटतात. गुणसूत्रांभोवती धुरकट पडदा राहिला तर मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणाने अजून एक-दोनदा धुवा. मिश्रण दर वेळी ताजं करा.

मायक्रोस्कोपखाली डोळ्यांची फसगत

आता खरी कसरत. नवशिक्याला मी पहिल्यांदा सांगतो: डायसेंट्रिक शोधू नका, बिंदू मोजा. जो डायसेंट्रिक शोधायला बसतो त्याला डायसेंट्रिक सापडतात. दोन गुणसूत्रांची टोकं एकमेकांवर आली, एखाद्या गुणसूत्राला पीळ पडला, की खाचेसारखा आकार दिसतो आणि मन लगेच मोजायला पुढे होतं. शिकाऊ असताना मीही एका नमुन्यात असे तीन पीळ डायसेंट्रिक म्हणून लिहिले होते. माझ्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, 'तुकडा कुठे आहे?' तो नव्हताच.

तोच प्रश्न आजही सगळ्यात उपयोगी. विश्रांतीतल्या पेशीवर किरण पडून बनलेल्या प्रत्येक डायसेंट्रिकबरोबर, पहिल्याच विभाजनात, एक असेंट्रिक तुकडा असायला हवा. हिशेब असा: ४६ गुणसूत्रांतली दोन जुळून एक झालं, म्हणजे ४४ साधी, एक डायसेंट्रिक आणि एक तुकडा. वस्तू ४६ आणि बिंदूही ४६. वलय असेल तर ४५ साधी, एक वलय, एक तुकडा: वस्तू ४७, बिंदू ४६. तीन बिंदूंचं गुणसूत्र दोन डायसेंट्रिक म्हणून धरायचं आणि त्याच्याबरोबर दोन तुकडे शोधायचे. हिशेब जुळला नाही तर ती पेशी पुन्हा पाहा. बिंदू ४६ भरत नसतील तर ती पेशी मोजणीतच घेऊ नका. तुकडा नसलेले डायसेंट्रिक वारंवार दिसायला लागले तर समजा, दुसऱ्या विभाजनातल्या पेशी मोजल्या जाताहेत.

फसवणाऱ्या काही जागा ठरलेल्या आहेत. १, ९ आणि १६ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर बिंदूजवळ हेटरोक्रोमॅटिनचा फिका, आवळलेला पट्टा असतो. काही माणसांत तो इतका लांब असतो की दुसरा बिंदूच वाटतो. एका माणसाच्या पेशींत त्याच आकाराचं, त्याच जागी 'डायसेंट्रिक' पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ती किरणांची करणी नव्हे, त्याची जन्मजात ठेवण आहे. १३, १४, १५, २१ आणि २२ ही टोकाला बिंदू असलेली गुणसूत्रं एकमेकांच्या टोकांशी घुटमळतात, त्यांच्या जोड्यांवरही विश्वास ठेवू नका. खऱ्या डायसेंट्रिकमध्ये दोन्ही बिंदूंपाशी दोन्ही क्रोमॅटिड (गुणसूत्राचे जुळे धागे) आवळलेले दिसतात आणि मधला भाग सलग, एकाच जाडीचा असतो. पिळाच्या ठिकाणी क्रोमॅटिड एकमेकांना ओलांडतात. फोकसचं चाक हळू फिरवलं की हे ओलांडणं उलगडतं. छायाचित्रावरून निर्णय घेणाऱ्यांची इथेच गफलत होते, कारण छायाचित्राला फोकस फिरवता येत नाही.

क्रोमॅटिड तुटी आणि गुणसूत्र तुटी यांचीही गल्लत होते. विश्रांतीत असताना तुटलेलं गुणसूत्र पुढे डीएनएची प्रत निघताना तुटलेल्याच अवस्थेत दुप्पट होतं, म्हणून तूट दोन्ही क्रोमॅटिडवर एकाच जागी दिसते. एकाच क्रोमॅटिडवर तूट असेल तर ती प्रत निघताना किंवा त्यानंतर झाली, म्हणजे बहुधा कल्चरमध्ये. अशा तुटी खूप दिसल्या तर माध्यम, फोलेटचं प्रमाण, त्या माणसाची औषधं यांची चौकशी करा. किरणांच्या खात्यावर त्या टाकू नका.

निवडीतला पक्षपात सगळ्यात अवघड, कारण तो प्रामाणिक माणसाकडूनही होतो. मोठ्या लेन्सखाली स्लाइड फिरवत 'चांगल्या' पेशी निवडल्या तर खराब झालेल्या, गुंतागुंतीच्या पेशी आपोआप मागे पडतात, किंवा उलट कुतूहलाने त्याच आधी निवडल्या जातात. लहान लेन्सखाली, जिथे डायसेंट्रिक दिसू शकत नाही, तिथेच पेशी घ्यायची की नाही हे ठरवा. स्लाइडवर नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक. हा नमुना अपघातातला आहे हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. यंत्राने आपोआप मोजणी करत असाल तर लक्षात ठेवा, संगणक बरेच डायसेंट्रिक सोडतो. ते चालतं, पण मग आलेखही त्याच संगणकाच्या मोजणीतून काढलेला हवा. यंत्राची मोजणी आणि हाताचा आलेख असं मिश्रण करू नका.

शून्य म्हणजे शून्य नव्हे

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण याच ठिकाणी माणसांचं नुकसान होताना मी पाहिलंय. पन्नास पेशी पाहिल्या, डायसेंट्रिक एकही नाही, अहवालात लिहिलं 'किरणोत्सर्ग झालेला नाही'. हे विधान त्या मोजणीला पेलणारं नाही.

उदाहरणासाठी आलेखाचे ढोबळ आकडे घेऊ: पार्श्वभूमी ०.००१, अल्फा ०.०३, बीटा ०.०६. (तुमच्या प्रयोगशाळेचे आकडे वेगळे असतील आणि तेच वापरायचे.) शून्य सापडलं तेव्हा पॉयसाँ वितरणानुसार (क्वचित घडणाऱ्या घटनांच्या मोजणीचं संख्याशास्त्रीय गणित) ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा ३.६९ डायसेंट्रिक. पन्नास पेशींत ती पेशीमागे ०.०७४ येते, आणि सूत्रात घातली की मात्रा सुमारे ०.९ ग्रे. म्हणजे पन्नास स्वच्छ पेशी पाहूनही हा माणूस जवळजवळ एक ग्रेपर्यंत सापडला असण्याची शक्यता उरते. त्याच शून्यासाठी पाचशे पेशी पाहिल्या तर वरची मर्यादा ०.१६ ग्रेपर्यंत उतरते. पन्नास पेशींची मोजणी शेकडो माणसांतून तातडीच्या उपचाराचे कोण हे वेगळं काढायला आहे. तिच्यावरून एकट्या माणसाला निर्दोष ठरवू नका.

दुसरं टोक असं की किरण न लागलेल्या माणसातही हजार पेशींत एखादं डायसेंट्रिक असतं. त्यामुळे पाचशे पेशींत एक सापडलं म्हणून घाबरवणंही चूक. ही पद्धत साधारण ०.१ ग्रेच्या खाली बोलतच नाही. एका सीटी स्कॅनने मिळणारी मात्रा बहुधा त्याच्याही खूप खाली असते. तिच्यासाठी ही तपासणी मागणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा, की यातून उत्तर मिळणार नाही.

सरासरीत हरवलेला भाग

अपघातात किरण क्वचितच साऱ्या शरीरावर सारखे पडतात. तरी मोजणारा सगळ्या पेशींची सरासरी काढतो आणि आलेखावरून मात्रा वाचतो. वरचेच ढोबळ आकडे घेऊन एक हिशेब पाहा. शंभर पेशी: ८४ मध्ये शून्य, ९ मध्ये एक, ५ मध्ये दोन, २ मध्ये तीन. एकूण २५ डायसेंट्रिक, सरासरी ०.२५, मात्रा १.८ ग्रे. आकडा नीटनेटका वाटतो. पण सगळ्या शरीराला सारखी मात्रा मिळाली असती तर ०.२५ च्या सरासरीला शून्यवाल्या पेशी ७८ च्या आसपास, दोनवाल्या दोन-तीन आणि तीनवाली जेमतेम एखादी आली असती. इथे शून्यही जास्त आणि दोन-तीनवालेही जास्त. विचरण (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) भागिले सरासरी केल्यास १.६५ येतं, सारख्या मात्रेत यायला हवं त्या एकच्या पुष्कळ वर. हा फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणाऱ्या यू चाचणीचा आकडा ४.६, जेव्हा १.९६ च्या वर गेला तरी शंका घ्यायची असते. असं वितरण तेव्हा येतं, जेव्हा या पेशींपैकी सुमारे पाव पेशींना चार ग्रेच्या जवळपास मात्रा मिळालेली असते आणि बाकीच्यांना काहीच नाही.

१.८ आणि ४ यांत उपचारांच्या दृष्टीने केवढं अंतर आहे! जिथे चार ग्रे पडले तिथल्या त्वचेकडे, ऊतींकडे डॉक्टरांनी लक्ष ठेवायला हवं. उलट शरीराच्या सुटलेल्या भागातली मज्जा रक्त पुन्हा तयार करू शकते, ही आशेची बातमीही त्याच वितरणात असते. शिवाय जखमी पेशी कल्चरमध्ये कमी टिकतात, म्हणून मोजलेल्या पावापेक्षा किरण लागलेला खरा भाग मोठा असतो. तीही दुरुस्ती करावी लागते. प्रत्येक नमुन्यात पेशीनिहाय वितरण लिहा, नुसती बेरीज नको. बेरजेतून ही गोष्ट परत काढता येत नाही.

किरण कुठला, किती वेळ

गॅमाचा आलेख न्यूट्रॉनला लावू नका. न्यूट्रॉनमुळे दाट आयनीकरण होतं, एकाच मार्गावर दोन्ही तुटी घडतात. म्हणून प्रमाण सरळ रेषेत वाढतं आणि विखंडन न्यूट्रॉनसाठी अल्फा गॅमाच्या वीसपटीहूनही मोठा असू शकतो. चुकीचा आलेख लावला तर मात्रा कितीतरी फुगते.

वेळेचंही तसंच. आलेख काही मिनिटांत दिलेल्या मात्रेवर काढलेला असतो. तीच मात्रा दिवसभरात हळूहळू मिळाली तर पहिली तूट दुसरी घडायच्या आत सांधली जाते. या सांधण्याचा सरासरी काळ सुमारे दोन तास धरतात. वर्गाची बाजू आक्रसते आणि फार लांबलेल्या संपर्कात फक्त अल्फाची बाजू उरते. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या उपचारकेंद्रातला सीझियम-१३७ चा स्रोत फोडला गेला. लोक त्याची चमकती पूड कित्येक दिवस हाताळत राहिले. २४९ जण दूषित झाले, चौघे दगावले. अशा संपर्कात मात्रा तुटक, असमान आणि लांबलेली असते. तिथे मिनिटांवर काढलेला आलेख सरळ लावला तर मात्रा प्रत्यक्षापेक्षा कमी निघते. म्हणून नमुन्याबरोबर घटनेची हकीकत मागवा: स्रोत कुठला, किती तास, खिशात होता की खोलीच्या कोपऱ्यात.

पाच-सहा ग्रेच्या पुढे मात्र डायसेंट्रिकवर अडून बसू नका. पेशी विभाजनापर्यंत पोचतच नाहीत आणि पोचल्या तरी आलेख वर जायचा थांबतो. तिथे गुणसूत्रं अकाली आखडवून वलयं मोजण्याची पद्धत कामी येते. १९९९ मध्ये जपानमधल्या तोकाइमुरा अपघातात तीच वापरली गेली.

उशिरा आलेला नमुना

डायसेंट्रिक अस्थिर असतात. जुन्या लिम्फोसाइट मरतात, नव्या येतात, आणि डायसेंट्रिकचं प्रमाण साधारण तीन वर्षांत निम्मं होतं असं धरलं जातं. मोठ्या मात्रेनंतर ते याहून पुष्कळ लवकर घटतं, हे गोयानियातल्या लोकांमध्ये दिसलं. दहा वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी आजचे डायसेंट्रिक मोजून 'काही नाही' म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. तिथे फिश पद्धतीने, म्हणजे निवडक गुणसूत्रांना चमकते रंग देऊन, ट्रान्सलोकेशन मोजा. ती टिकतात, अणुबाँबमधून वाचलेल्यांच्या रक्तात ती कित्येक दशकांनंतरही दिसली. पण त्यांची पार्श्वभूमीही वयाबरोबर आणि धूम्रपानाने वाढते. साठीतल्या माणसाची तुलना विशीतल्यांशी केलीत तर उगाच मोठी मात्रा काढाल. मायक्रोन्यूक्लियसच्या (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेल्या छोट्या केंद्रकांच्या) मोजणीलाही हेच लागू: वय वाढलं की त्यांची संख्या वाढते, आणि स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा जास्त असते, कारण त्यांच्या एक्स गुणसूत्रांपैकी एखादं विभाजनात मागे राहतं.

अहवाल लिहिताना

पूर्वी रेडिओथेरपी झाली होती का, किरणोत्सारी औषधं दिली होती का, कर्करोगाची रसायनं चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय मात्रा लिहू नका. बॅजचे सिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबाने मात्रेचं एकक) आणि तुमचे ग्रे शेजारी मांडून 'जुळतात' किंवा 'जुळत नाहीत' असंही लिहू नका. बॅज छातीवरच्या एका ठिकाणचं सांगतो, लिम्फोसाइट साऱ्या शरीराची सरासरी सांगतात. मात्रेबरोबर खालची आणि वरची मर्यादा, पेशींची संख्या, कुठला आलेख वापरला आणि वितरण एकसारखं होतं की नाही, हे सगळं हवं. एकुलता आकडा नको.

आणि ज्याचं रक्त आहे त्याला डायसेंट्रिक म्हणजे काय ते समजावून सांगा. 'गुणसूत्रं तुटली आहेत' हे ऐकून माणसं कर्करोग झाल्यासारखी खचतात. डायसेंट्रिक असलेली पेशी विभाजनात बहुधा मरूनच जाते. ती किती किरण लागले याची खूण आहे, रोग नव्हे. पुढचा धोका ठरतो मात्रेवर, आणि ती छोटी असेल तर धोक्यातली वाढही छोटी असते. हे दोन वाक्यांत सांगता येतं, आणि ते सांगायचं काम फोनवर उरकू नका, समोर बसवून सांगा.

स्लाइड आणि उरलेला पेशींचा गाळ मात्र जपून ठेवा. मिथेनॉल-ॲसिटिक आम्लात, उणे वीस अंशांवर तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि दुसऱ्या कुणाला मोजून पाहायचं असेल, किंवा पाच वर्षांनी फिशची गरज पडली, तर त्या माणसाकडून तेव्हाचं रक्त पुन्हा मिळत नाही.